विंचूरच्या अलीकडे पंक्चर

सर वर्गात आले की आधी भिंतीवरच्या घड्याळाकडे बघायचे, मग दाराकडे, मग आमच्याकडे. आम्ही आठजणी सतरंजीवर बसलेल्या असायचो. कोणाच्या मांडीवर वही, कोणाच्या मांडीवर सोलायच्या वाटाण्याच्या शेंगा. सर शर्टाच्या खिशातून तिकिटाला भोक पाडायचा जुना पंच काढायचे आणि दोनदा वाजवायचे, टिक टिक. म्हणजे गाडी सुटली. आता चार वाजेपर्यंत कोणी कोणाच्या सासूबद्दल बोलायचं नाही, असा नियम होता. तो साधारण पंधरा मिनिटं टिकायचा.

सर म्हणते खरी, पण त्यांनी आयुष्यात कुठल्या शाळेत शिकवलेलं नव्हतं. ते एसटीतून रिटायर झालेले. एकोणीस वर्षं नाशिक-येवला गाडीवर कंडक्टर आणि पुढची अकरा वर्षं स्टँडवर कंट्रोलर. कंट्रोलर म्हणजे काचेच्या खिडकीमागे बसून कुठली गाडी कुठल्या फलाटावर लागेल ते माइकवर सांगणारा माणूस. तिकिटांची मशीनं आली तेव्हा हा पंच भंगारात निघाला आणि सरांनी तो मागून घेतला. आमच्या वह्यांत ते बरोबरची खूण करत नसत, भोक पाडत. एक भोक म्हणजे बरोबर, दोन म्हणजे उत्तम. माझी मराठीची वही अजून आहे. उजेडाकडे धरली की चाळणी दिसते.

त्यांची माझी ओळख झाली ती भांडणातून. मी तेव्हा नाशिकरोडला आमच्या कॉलनीतल्या अंगणवाडीत मदतनीस होते. खिचडी शिजवायची, पोरांची नाकं पुसायची आणि सेविकाताई मीटिंगला गेल्या की हजेरीच्या वहीत शेरे लिहायचे. सर नातीला सोडायला यायचे. एकदा नात चप्पल काढेपर्यंत त्यांनी ती वही उचलली आणि उभ्या उभ्या वाचली. मी लिहिलं होतं, ‘ती आली नाही. ती आजारी आहे असं ती म्हणाली. तिला परत विचारलं तर ती म्हणाली तिला माहीत नाही.’ सरांनी चष्मा कपाळावर चढवला आणि विचारलं, यात बायका किती आहेत. मी मनात मोजलं आणि तीन म्हणून सांगितलं. एक मुलगी, एक तिची आई, एक शेजारीण. सर म्हणाले, मला एकच दिसते आणि ती भ्रमिष्ट झालेली दिसते.

मला असा राग आला की हातातला झारा मी आपटलाच. म्हणाले, काका, मी दहावी झालेले नाही, येतं तसं लिहिते, तुम्हाला त्रास होत असेल तर वाचू नका. त्यांनी नातीच्या डोक्यावरून हात फिरवला आणि गेले. दुसऱ्या दिवशी आले ते सतरा नंबरचा फॉर्म घेऊन. शाळा सुटलेल्यांना बाहेरून दहावीला बसायचा असतो तो फॉर्म. मुदत कधी संपते, फोटो किती लागतात, कुठली शाळा आपल्याला संपर्क केंद्र म्हणून मिळेल, सगळं विचारून आले होते. म्हणाले, भरा. मी म्हणाले, मला कोण शिकवणार. ते म्हणाले, मी. मी विचारलं, तुम्हाला येतं का. तर म्हणाले, मराठी येतं, बाकीच्या विषयांना गाइडं मिळतात.

आता खरं सांगायचं तर तो फॉर्म माझ्या मनात वर्षभर होता. आमच्या सेविकाताई पुढच्या जूनमध्ये रिटायर होणार होत्या. तेव्हाच्या नियमानं मदतनीस दहावी पास असली तर त्या जागेवर आधी तिचा विचार व्हायचा. नसली तर बाहेरची कोणी यायची आणि मी आणखी वीस वर्षं तिच्या हाताखाली खिचडी ढवळायची. हे मी कोणाजवळ बोलले नव्हते, नवऱ्याजवळसुद्धा नाही. चौतिसाव्या वर्षी दहावीला बसते म्हटलं की लोक आधी हसतात, मग कौतुक करतात. मला त्या हसण्याची भीती वाटायची.

पण कॉलनीत गोष्ट लपते कुठे. आठ दिवसांत सात बायका आल्या. मंदाताई पोळीभाजी केंद्र चालवायच्या आणि एका दमात अर्धा तास बोलायच्या. आक्का आमच्यात सगळ्यात मोठ्या, नातवंडं असलेल्या, मूळच्या निफाडकडच्या. नातवाच्या शाळेतून कुठलाही कागद आला की सही म्हणून अंगठा पुढे करायची त्यांना सवय होती आणि ती मोडायची त्यांनी शपथ घेतली होती. बाकीच्या पाचजणी आमच्यासारख्याच, संसारात शाळा राहून गेलेल्या. कॉलनीतल्या विहाराच्या कमिटीने दुपारी दोन ते चार हॉल दिला.

तिथे सरांना माइक दिसला आणि तिथंच चूक झाली. रिटायर झाल्यापासून त्यांना माइक मिळाला नव्हता. पहिल्याच दिवशी त्यांनी तो चालू केला, फुंकर मारली आणि हजेरी घेतली. ‘प्रवाशांनी लक्ष द्यावे,’ म्हणून सुरुवात. आम्ही समोर चार हातांवर बसलेल्या, आणि आवाज पार रेल्वे लाइनपर्यंत. माझा नवरा एकलहऱ्याच्या वीज केंद्रावर कोळशाकडे कंत्राटी कामाला, रात्रपाळी करून दुपारी झोपायचा. तो आठवडाभर सर्वनामांखाली झोपला. एकदा ताटावर बसून भाकरी मोडता मोडता मला म्हणाला, ‘संबंधी म्हणजे जो, जी, जे. बरोबर ना?’ मी म्हणाले, बरोबर. तो म्हणाला, मग मलाही भर एक फॉर्म. शेवटी कमिटीने माइकची वायर काढून कपाटात ठेवली. सरांनी दोन दिवस तोंड पाडलं, मग तसेच माइकसमोर उभे राहून शिकवायला लागले. वायर नसलेल्या माइकमध्ये ते शेवटपर्यंत बोलत राहिले.

सर्वनामं त्यांनी आम्हाला पुस्तकातून शिकवलीच नाहीत. पुस्तकात व्याख्या होती, नामाऐवजी येणारा शब्द वगैरे. सर म्हणाले, ते नंतर. आधी गाडीत चढा. मी कंडक्टर, म्हणजे मी. समोर तिकीट मागतोय तो प्रवासी, म्हणजे तू. आणि गाडी सुटली तेव्हा जो खाली राहिला, ज्याच्याबद्दल आपण दोघं बोलतोय, तो. एवढ्यात पुरुषवाचक संपलं. दर्शक म्हणजे बोट दाखवणं, ही येवल्याची, ती घोटीची. प्रश्नार्थक म्हणजे चौकशीची खिडकी, दिवसभर कोण, काय, कोणती. अनिश्चित म्हणजे कोणीतरी डबा विसरलं, कोणाचा ते माहीत नाही. आणि आत्मवाचक म्हणजे प्रवाशांनी आपले सामान स्वतः सांभाळावे. हे वाक्य त्यांनी फार जोरात सांगितलं आणि त्याच दिवशी स्वतःची छत्री हॉलमध्ये विसरून गेले. आक्का म्हणाल्या, ‘कोणीतरी छत्री विसरलं. अनिश्चित.’ आणि छत्री तीन दिवस दिली नाही.

संबंधी सर्वनामाचा मात्र त्यांनी प्रयोग केला. गाडीत जागा धरायला लोक खिडकीतून रुमाल टाकतात ना, तसा. आम्हाला सगळ्यांना हॉलच्या बाहेर उभं केलं, आत आठ खुर्च्या मांडल्या आणि म्हणाले, जिचा रुमाल खुर्चीवर पडेल ती तिथे बसेल. जी आणि ती, दोन्ही एका वाक्यात आली पाहिजेत. आम्ही पहिल्यांदा लाजलो. मग कोणीतरी रुमाल टाकला आणि पुढे आवरणं कठीण झालं. मंदाताईंकडे रुमाल नव्हता, त्यांनी मेथीची जुडी फेकली. ती नेमकी पंख्याखालच्या खुर्चीवर पडली. ‘जिची मेथी ती पंख्याखाली,’ मंदाताई म्हणाल्या, आणि सरांनी त्यांच्या वहीला दोन भोकं पाडली. विहाराचे अध्यक्ष तेवढ्यात काही कामाने आले होते. चौतीस ते साठ वयाच्या बायका खिडकीतून रुमाल आणि भाज्या फेकताहेत हे बघून ते आल्या पावली परत गेले.

सरांचं खरं प्रेम मात्र कथेवर. दहावीच्या पेपरात कथा लिहायला असते, मुद्दे देतात किंवा सुरुवात देतात. सर म्हणायचे, कथा आणि गाडी यांत फरक नाही. त्यांची ती गाडी आम्हाला पाठ झाली. सकाळी सातची नाशिक-येवला. गाडी फलाटाला लागते ती सुरुवात, तेव्हा वेळ आणि ठिकाण सांगून टाकायचं. प्रवासी म्हणजे पात्रं, चारच घ्यायची, उभ्याने कोणी नको. चांदोरी, निफाड, सगळं सुरळीत. मग विंचूरच्या अलीकडे पंक्चर. ती अडचण. पंक्चरशिवाय कथा नाही, नुसता प्रवास आहे, आणि प्रवासाला मार्क नाहीत. मग स्टेपनी काढतात तर स्टेपनीतही हवा नाही. तो कळस. सर तिथे थांबायचे, आमच्याकडे एकेकीकडे बघायचे आणि म्हणायचे, आता काय. हे त्यांचं ‘आता काय’ ऐकलं की शेंगा सोलणारे हात थांबायचे, गाडी कागदावरची असून.

उकल कशी करायची याबद्दल ते फार कडक होते. मागून दुसरी गाडी आली आणि सगळे तिच्यात बसले असं लिहिलं की शून्य. कोणी साधू आला, पोलीस आला, तरी शून्य. गाडीत आधीपासून बसलेल्या चारांपैकीच कोणीतरी काहीतरी केलं पाहिजे, असा त्यांचा आग्रह. आणि एक गोष्ट ते दर वेळी बजावायचे, ही गाडी काल्पनिक आहे. त्यांच्या एकोणीस वर्षांत स्टेपनीत कायम हवा होती, खात्याची बदनामी नको. मंदाताईंनी एकदा कथेखाली तसं लिहूनही टाकलं.

या एका गाडीवर आठजणींचे आठ स्वभाव बाहेर पडले. मंदाताईंच्या गाडीत चौदा प्रवासी चढले आणि प्रत्येकाची लग्नापासून हकिगत आली. चार पानं झाली तरी ड्रायव्हर चहा पीत होता. सर वही मिटून म्हणाले, ताई, तुमची गाडी अजून फलाटावरच आहे. माझं उलटं. माझी कथा चार ओळींची, गाडी निघाली, पंक्चर झाली, काढलं, पोहोचली. सर म्हणाले, असं पटकन उरकायला काय झालं, तुमच्या मागे कोणी लागलंय का. खरं म्हणजे मला सगळंच पटकन उरकायची सवय होती, स्वयंपाक, आंघोळ, रडणं. माझ्याबद्दल चार ओळींपेक्षा जास्त कोणी ऐकेल असं मला वाटत नसे.

आणि आक्का. आक्कांची गाडी पंक्चरच होईना. त्या येवल्यापर्यंत सुखरूप न्यायच्या. सरांनी समजावलं, विनवलं, एक दिवस तर रुसून बसले. आक्का म्हणाल्या, ‘मी नाय करणार पंक्चर. गाडीत लेकरं हायेत, एक बाई पोटुशी हाय. उन्हाचं रस्त्यात कुठं बसवू तिला?’ सर म्हणाले, आक्का, ती बाई तुम्हीच बसवली ना गाडीत, उतरवून टाका. आक्का म्हणाल्या, असं कसं उतरवू, माहेरी चाललीय. तिसऱ्या दिवशी तडजोड झाली. पंक्चर होईल, पण झाडाखाली, शेजारी हापसा पाहिजे आणि ड्रायव्हर शिव्या देणार नाही. सरांनी मान्य केलं. त्या दिवशी ते फार खुशीत होते, आम्हाला सगळ्यांना स्वतः चहा करून पाजला. चहा भयंकर होता.

जानेवारी संपता संपता आमच्या संपर्क शाळेने बाहेरून बसणाऱ्यांचीही सराव परीक्षा घेतली. मराठीच्या पेपरात कथेला नुसतं लिहिलं होतं, ‘संकटातून मार्ग’ या विषयावर कथा लिहा. आम्ही आठही जणी बाहेर आलो त्या हसतच. सरांनी फाटकाशी विचारलं, जमलं का. आक्का म्हणाल्या, झाडाखाली केली. सरांचा चेहरा असा फुलला की मला वाटलं आता हे फाटकातच घोषणा करतील.

चार दिवसांनी शाळेतून निरोप आला. आठजणींनी आणि तुम्हाला शिकवणाऱ्या गृहस्थांनी मुख्याध्यापिकांना भेटावं. गेलो. मॅडमच्या टेबलावर आठ पेपर शेजारी शेजारी उघडून ठेवले होते. बाई कडक पण बोलायला नीट होत्या. त्यांनी विचारलं, आठजणींनी वेगवेगळ्या बाकांवर बसून एकच गाडी कशी लिहिली? सकाळी सातचीच, पंक्चर विंचूरच्या अलीकडेच, आणि स्टेपनीत हवा कोणाच्याच नाही. आक्का म्हणाल्या, ‘रस्ता एकच हाय ना बाई, खिळे तिथंच पडतात.’ मॅडम हसल्या नाहीत.

त्या म्हणाल्या, हे बोर्डाच्या पेपरात झालं तर तपासणारा सरळ सामूहिक कॉपी समजेल. तुम्हा आठजणींचे निकाल अडकतील आणि शाळेलाही उत्तर द्यावं लागेल. तुम्ही कॉपी केली नाही म्हणता, मला पटवा. तोपर्यंत हॉल तिकिटं माझ्याकडे राहतील. असं म्हणून त्यांनी ड्रॉवर दाखवला. सर पुढे झाले, चूक माझी आहे असं काहीतरी म्हणायला लागले, पण मॅडमनी त्यांना थांबवलं आणि बाहेर व्हरांड्यात बसायला सांगितलं. मग आमच्याकडे वळल्या. ‘एकेकीनं मला तोंडी एक कथा सांगायची. आत्ता. फक्त बस नको.’

बस नको म्हटल्यावर पंचाईत झाली. पाच महिने आम्ही दुसऱ्या कशात बसलोच नव्हतो. दार लोटलेलं होतं, काचेतून बाकावर बसलेल्या सरांचं डोकं तेवढं दिसत होतं. ते वळून बघत नव्हते. मला एकदम वाटलं, गेलं वर्ष. जून येईल, नवीन सेविका येईल, आणि मला तिला खिचडीच्या पातेल्यांची जागा दाखवावी लागेल.

मंदाताईंनी तोंड उघडलं म्हणून आम्ही वाचलो. त्यांनी सांगितलं ते त्यांच्याच केंद्रातलं. लग्नघरचं दोनशे पोळ्यांचं काम, सकाळी गॅस संपला, दुसरी टाकी लावली तर तीही रिकामी. मग शेजारच्या तीन घरांतल्या चुली-शेगड्या कशा पेटल्या. एरवी चार पानं बोलणाऱ्या बाईनं पाच मिनिटांत गाडी पोहोचवली. मॅडम ऐकत होत्या. आक्कांनी शेळी विहिरीत पडल्याची सांगितली, आणि शेळीला काही झालं नाही हे पहिल्याच वाक्यात सांगून टाकलं, म्हणजे ऐकणाऱ्याला त्रास नको. एकेक करत सातजणी झाल्या. मी शेवटची.

मग मी म्हणाले, एक मुलगी होती. घोटीच्या बाजूला एका खेड्यात राहायची. तिथे भात होतो. आवणीच्या दिवसांत, म्हणजे भाताची रोपं लावतात तेव्हा, सगळं घर गुडघाभर चिखलात असायचं, तीही असायची, पण दप्तर बांधावर प्लॅस्टिकच्या पिशवीत ठेवलेलं असायचं. नववी पास झाली. दहावीची पुस्तकं आणली, नवी नाही, वरच्या मुलीची, पण तिनं त्यांना कव्हरं घातली. आणि आवणी चालू असतानाच पाहुणे आले. मुलगा नाशिकरोडला कामाला होता. चांगला होता, तक्रार त्याच्याबद्दल नाही. फक्त कोणी तिला विचारलं नाही. पुस्तकं आईने भाताच्या कणगीत ठेवली, परत येशील तेव्हा वाच म्हणाली. ती दिवाळीला गेली तेव्हा कणगीत भात भरलेला होता, पुस्तकं कुठे गेली ते कोणालाच सांगता आलं नाही.

इथे मी नेहमी कथा संपवली असती. पण मॅडम पुढे वाकून बसल्या होत्या, म्हणून मी थांबले नाही. सगळं सांगितलं. मुलं झाली, त्यांच्या वह्यांना कव्हरं घातली. अंगणवाडीत लागली. खिचडी, नाकं, हजेरीची वही. मग एका म्हाताऱ्या माणसाने ती वही वाचली आणि तिला वेडी म्हटलं. मग ती दुपारी दोन ते चार शिकायला लागली, कोणी तिला पहिल्यांदा म्हणालं की एवढं पटकन उरकू नका. नवऱ्याने झोप सोडून तिची सर्वनामं ऐकली. तिची सराव परीक्षा झाली. आणि मग तिला शाळेत बोलावणं आलं.

मी तिथे थांबले. मॅडमनी विचारलं, ‘मग? पुढे काय झालं तिचं?’

‘पुढचं अजून व्हायचंय, मॅडम. तिचं हॉल तिकीट तुमच्या ड्रॉवरमध्ये आहे.’

मी हे धीटपणाने म्हणाले नाही. रडत म्हणाले. मॅडमनी चष्मा काढून टेबलावर ठेवला. त्यांनी माझ्या पेपराकडे बघितलं, त्या चार ओळींकडे. मग त्यांनी ड्रॉवर ओढला आणि आठ हॉल तिकिटं मोजून आक्कांच्या हातात दिली, वयाने मोठ्या म्हणून. एक अट घातली. बोर्डाच्या पेपरात आठजणींनी आठ वेगळ्या कथा लिहायच्या, विंचूरला कोणीही थांबायचं नाही.

पुढचं सांगून टाकते, म्हणजे कोणाचा जीव टांगणीला राहायला नको. आम्ही सगळ्या पास झालो. आक्कांचं गणित राहिलं होतं, ते त्यांनी पुरवणी परीक्षेत काढलं आणि नातवाच्या प्रगतिपुस्तकावर नाव, आडनाव आणि गाव अशी लांबलचक सही केली. मंदाताई केंद्रावर आल्यागेल्याला मार्क सांगतात. मी आज सेविका आहे आणि माझ्या हाताखालच्या मदतनीस बाईला फॉर्म आणून दिलेला आहे. पण मला सर आठवतात ते निकालाच्या दिवशीचे नाही, त्या व्हरांड्यातले.

आम्ही बाहेर आलो तेव्हा ते बाकावर बसलेले होते. हातात घडी घातलेला कागद. आक्कांनी मॅडमची अट सांगितली आणि हॉल तिकिटं त्यांच्यापुढे धरली, तरी त्यांनी ती घेतली नाहीत. मी तो कागद त्यांच्या हातातून घेतला. त्यांनी ओढून घ्यायचा प्रयत्न केला, पण मी उलगडला आणि वाचला. अर्ज होता, मुख्याध्यापिकांच्या नावाने. तिथेच बसून, शाळेच्या कारकुनाकडून कार्बन मागून तीन प्रती काढल्या होत्या, खात्यातली सवय. लिहिलं होतं, ‘सदर आठ महिला प्रामाणिक आहेत. त्यांनी एकमेकींचे पाहून लिहिलेले नाही. सर्वांनी माझे पाहून लिहिले आहे. मी त्यांना एकच रस्ता दाखवला, कारण मला तेवढाच माहीत आहे. तरी शिक्षा मला करावी. वर्ग आजपासून बंद करीत आहे.’

सर खाली बघत म्हणाले, मला वाटलं माझ्यापायी तुमचं वर्ष गेलं. बरं झालं तिकिटं मिळाली. आता महिनाभर राहिला, तुम्ही दुसरा कोणीतरी चांगला मास्तर बघा. आठ वेगळ्या कथा म्हणजे आठ वेगळे रस्ते, ते माझ्याजवळ नाहीत. हे सांगताना ते इतके लहान दिसत होते की मला त्यांचा राग आला, पहिल्या दिवशी आला होता तसाच.

मी त्यांच्याशेजारी बाकावर बसले. म्हणाले, सर, मला घोटीकडचं येतं. आवणी येते, झोडणी येते, भाताची गिरणी येते. आक्कांना निफाडचं येतं. मंदाताईंना दोनशे पोळ्यांचं येतं. आम्ही सांगतो, तुम्ही फक्त कुठे काय चुकतं ते बघा. सरांनी माझ्याकडे पाहिलं. मग तो अर्ज उलटा करून मांडीवर ठेवला आणि खिशातून पंच नाही, पेन काढलं.

‘सावकाश सांगा, ताई,’ ते म्हणाले. ‘त्या बाजूच्या गाड्या मी खूप सोडल्या, पण स्वतः कधी गेलेलो नाही.’